पोर्चवरची अर्धी माळ

मागच्या वर्षी सण संपला तेव्हा ही माळ शेवटच्या दिव्यापर्यंत पेटत होती. मी स्वतः बघितलं, पुठ्ठ्यावर गुंडाळली, कोरड्या डब्यात ठेवली. आज काढली तर अर्धी पेटते आणि अर्धी मेलेली. तीन तास स्टुलावर उभी आहे, मान अवघडली आहे, आणि घरातला जो येतो तो एकच सांगून आत जातो, "अगं, फेक ती, नवीन आण."

नाही आणणार! चार वर्षांतली ही तिसरी माळ आहे. आधीच्या दोन अशाच गेल्या. दरवेळी मी गप्प बसून नवीन आणली, आता पुरे झालं.

एलईडी हजारो तास चालते म्हणून तर आपण ती घेतो. माझी माळ मागच्या वर्षी रोज पाच तास, वीस दिवस लागली. म्हणजे 100 तास. शंभर! दिव्याचं काही बिघडलेलं नसतं, बिघडते ती त्याला धरून ठेवणारी तार. दिव्याचे दोन बारीक पाय लोखंडाचे असतात, वर नावाला मुलामा. टोपणातून थोडी ओल आत शिरली की ते गंजतात, आणि पुढचे अकरा महिने डब्यात बसूनही गंजतच राहतात. माळेच्या आत दोन-तीन साखळ्या असतात, एका साखळीतले दिवे सिरीजमध्ये, एकामागोमाग जोडलेले. एक पाय तुटला की ती आख्खी साखळी अंधारात. दिवा काढून दुसरा लावावा, तर टोपण गोंदाने कायमचं बंद केलेलं!

जुन्या फिलामेंटच्या माळा वीज खायच्या, तापायच्या, हे मला मान्य आहे. पण त्या बनवणाऱ्याने पुढच्या वर्षाचा विचार केला होता. त्या छोट्या बल्बात फिलामेंटच्या खाली एक बारीक तार असायची, शंट. फिलामेंट तुटलं की वीज त्या तारेतून पुढे जायची आणि बाकीची माळ चालू राहायची. खोक्यात चार-सहा जादा बल्ब मिळायचे. गेलेला बल्ब काढायचा, नवा खोचायचा, काम संपलं. हे सगळं आधी जमत होतं. मग आता का जमत नाही?

आणि ते 'घराबाहेर वापरण्यायोग्य'! खोक्यावर मोठ्या अक्षरांत हेच लिहिलंय. माळेवर आयपी44 आहे, म्हणजे पाण्याचे शिंतोडे चालतील. आयपीनंतरचा पहिला आकडा धूळ आणि घन वस्तूंसाठी, दुसरा पाण्यासाठी. मग अडॅप्टर उलटा करून भिंगाखाली वाचलं. आयपी20. पाण्यासाठी शून्य! माळ बाहेरची आणि अडॅप्टर घरातला, आणि दोघांमधली वायर जेमतेम दीड मीटर. सॉकेट आत आहे, छप्पर बाहेर आहे, मग हा अडॅप्टर मी लटकवू कुठे? म्हणजे एक्स्टेन्शन ओढायचं, ते दाराच्या फटीतून न्यायचं, आणि दार बंद होताना दरवेळी वायर चेपली जाते. चेपलेल्या वायरीचं आवरण आतून फाटतं आणि वरून दिसतसुद्धा नाही. लहान मुलं त्याच दारातून धावत ये-जा करतात. मला या गोष्टीचा खरोखर संताप येतो. पाच मीटर वायर दिली असती तर काय बिघडलं असतं?

सौर माळ घे, असं सुचवणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. पोर्चला छप्पर असतं. छपराखाली सावली असते. सावलीत पॅनेलवरून बॅटरी नीट चार्ज होत नाही. आणि दारावरचा दिवा लावला की सेन्सरला वाटतं दिवस आहे, मग जेवढी चार्ज झाली तेवढीही पेटत नाही. मी हे करून बघितलंय.

त्यातून माळ पेटलीच तर ती आधी लुकलुकणार. कंट्रोलरवर एकच बटण, आठ प्रकार, आणि शांतपणे पेटत राहण्याचा प्रकार सगळ्यात शेवटी. वीज गेली, टायमरने बंद केली, पिन जरा हलली, की गाडी पुन्हा पहिल्या प्रकारावर. रोज संध्याकाळी स्टूल, रोज सात वेळा बटण. दारात आलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर असं काही फडफडावं, हे मला अजिबात नको असतं.

"तू नीट ठेवली नसशील," असंही आज ऐकून घेतलं. दुसरी माळ मी ठेवलीच नव्हती, ती पिशवीत कोंबली गेली होती, आणि ती सोडवायला पाऊण तास गेला. 2007 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ यांनी खोक्यात दोरी टाकून ते खोकं गरागरा फिरवलं, एकूण 3,415 वेळा. काही सेकंदांतच अवघड गाठी पडायच्या. दोरी लांब असेल तर गाठ पडण्याची शक्यता वाढते, अर्ध्या मीटरहून आखूड दोरीला जवळजवळ पडतच नाही. दहा मीटरची माळ पिशवीत कोंबणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. लावायच्या दिवशी सगळे अंगणात उभे राहून "थोडी डावीकडे, थोडी वर" सांगायला असतात. काढायच्या दिवशी मी एकटी.

चिकटपट्टीचं तर बोलायलाच नको. भिंतीच्या धूळ बसलेल्या रंगावर ती धरत नाही, आणि जिथे धरते तिथून निघताना रंगाचा पापुद्रा सोबत घेऊन निघते.

पोर्च मला एवढा महत्त्वाचा वाटतो, कारण जे आत येत नाहीत त्यांच्यासाठी घराचा तेवढाच भाग असतो. पार्सल देणारा, रात्री उशिरा कामावरून परतणारे शेजारी, फाटकाशी थबकणारी मुलं. त्यांना इथे उजेड दिसावा, एवढंच मला हवंय.

माझ्या अडॅप्टरवर फक्त 31 व्होल्ट लिहिलंय, म्हणून माळ चालू ठेवूनच एकेक टोपण दोन बोटांत दाबत आले. थेट सॉकेटमध्ये लागणाऱ्या माळेला असं कुणीही करू नये. सदतिसावा दिवा दाबला आणि मेलेली बाजू क्षणभर पेटली. सोडला, गेली. पिन काढून टोपण ब्लेडने कापलं तर आत तपकिरी भुकटी, आणि तुटलेला पाय माझ्या केसापेक्षा थोडासाच जाड.

एवढ्याशा तारेसाठी आख्खी माळ कचऱ्यात टाका म्हणतात. उद्या सकाळी तिथे डाख मारणार आहे. आज ही बाजू अंधारातच राहील, आणि उतरताना पायरी दिसावी म्हणून खिडकीचा पडदा मी उघडाच ठेवलाय.