सर, लेझीम आठवून बघा

सर, नमस्कार.

जायरोकिनेसिसवरचा, म्हणजे स्टुलावर बसून श्वासाच्या लयीत कणा सगळ्या दिशांना हलवायच्या व्यायामपद्धतीवरचा माझा लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात आणि पटलं नाही तेही मुद्देसूद लिहिलंत, याबद्दल मनापासून आभार. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. सेलूचे हे सर जिल्हा परिषद प्रशालेत व्यायामशिक्षक होते, आता निवृत्त आहेत. त्यांचं म्हणणं असं: ज्यात घाम येत नाही त्याला व्यायाम म्हणू नये. घरात सूर्यनमस्कार असताना स्टुलावर बसून डुलायला परदेशातून शिकायची गरज नाही. आणि दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईला हे ‘नाचरं प्रकरण’ सांगून बघा, ती तोंडावर पदर घेऊन हसेल. याला पुरावा काय, असंही त्यांनी विचारलंय, आणि शेवटी एका ओळीत, ‘माझे दोन्ही गुडघे गेलेत, मी काय करू?’ त्या प्रश्नाचं उत्तर शेवटी नीट देते.

आधी कापसाकडे येते, कारण तिथे माझा आणि तुमचा खरा मतभेद आहे.

परभणीतल्या आमच्या जायरोकिनेसिसच्या वर्गाला पिंगळीकडून एक बाई येतात. वेचणीच्या दिवसांत त्यांचा खाडा होतो, एरवी येतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा मी त्यांना वेचताना कशा उभ्या राहता ते करून दाखवायला सांगितलं. त्यांनी कमरेला ओढणीची ओटी बांधली, गुडघे जवळजवळ ताठ ठेवले, कमरेतून वाकल्या आणि उजव्या हाताने बोंड धरल्यासारखं करून तोच हात ओटीकडे नेला. परत बोंड, परत ओटी. ओटी भरत जाते तसं ओझं पुढे ओढतं आणि वाकलेल्या कमरेवरच सगळं पेललं जातं. खुरपणीत पुन्हा दिवसभर उकिडवं. या बाईंच्या अंगात ताकद माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, त्याबद्दल वादच नाही. पण ते अंग वर्षानुवर्षं एकाच बाजूला, एकाच वळणाने वापरलं गेलंय. त्यांना दोन्ही हात वर करून मागे झुकायला सांगितलं, तर पाठ जागची हलेना. फक्त मान मागे गेली.

कष्ट आणि व्यायाम यांत मला फरक दिसतो तो इथे. कष्टात अंग कामाच्या मापाने हलतं. ओळ किती लांब, भारा किती जड, मुकादमाने किती वाजेपर्यंत थांबवलं, हे सगळं बाहेरून ठरतं. व्यायामात अंगाला ज्या दिशा मिळाल्या नाहीत त्या द्यायच्या असतात. पाठीच्या कण्यात हलणारे मणके चोवीस: मानेचे सात, छातीचे बारा, कमरेचे पाच. कमरेच्या पाच मणक्यांना पीळ घेणं फारसं जमत नाही, त्यांच्या सांध्यांची ठेवणच तशी आहे. वळायचं काम मुख्यतः छातीच्या बारांचं. पण ते आखडले की सगळा भार खालच्या पाचांवर येतो, आणि मग ‘कंबर धरली’, ‘उसण भरली’ सुरू होतं. शिवाय मोठ्या माणसाच्या मणक्यांमधल्या चकत्यांना थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. दाब पडणं, दाब सुटणं, या हालचालीतूनच पोषण आतबाहेर होतं. एकाच स्थितीत तासन्‌तास राहिलेल्या पाठीला नेमकं तेच मिळत नाही.

जायरोकिनेसिसमध्ये काय करतात ते पुन्हा सांगते, कारण ‘डुलणं’ या शब्दात ते मावत नाही. स्टुलावर बसायचं, पाय रुंद, तळवे मांड्यांवर. श्वास घेत छातीचं हाड पुढे आणि वर न्यायचं, कणा लांबवत मागे कमान करायची. श्वास सोडत ओटीपोट आत घेत पाठ गोल करायची. मग हेच डावीकडे, उजवीकडे, मग पिळात, मग सगळं मिळून गोलाकार. एक हालचाल संपते तिथून दुसरी निघते, मध्ये थांबा नाही. पिळाची हालचाल शिकवताना मी बायकांना एकच सांगते: नऊवारी लुगडं धुऊन दोघी दोन टोकांनी पिळतात ना, तसं पिळायचं, पण आधी ताणून लांब करून. ताण न देता पिळलं तर मध्येच गाठ पडते. हे त्यांना लगेच समजतं.

पिंगळीच्या बाईंना पहिले काही आठवडे कमान जमली नाही. कमरेतून मोडायच्या आणि खांदे कानापाशी न्यायच्या. एका सकाळी मी त्यांच्या पाठीमागे बसून खांद्यांच्या दोन्ही पात्यांच्या मध्ये बोट ठेवलं आणि म्हटलं, फक्त इथून श्वास घ्या. दोन-तीन श्वास काहीच नाही. मग बोटाखाली मणके किंचित आत गेले, बरगड्या उघडल्या, आणि त्या थांबल्याच नाहीत. पुढे-मागे, पुढे-मागे, डोळे मिटून, बाकीच्या पुढच्या हालचालीला गेल्या तरी. नंतर म्हणाल्या, ‘ताई, आंग कसं मोकळं वाटायलंय, थांबूच वाटंना.’ त्या हसल्या खऱ्या, सर. पण तुम्ही लिहिलंत तसं तोंडावर पदर घेऊन नाही.

‘थांबूच वाटंना’ हे मला या पद्धतीचं सगळ्यात मोठं बळ वाटतं. सुख म्हणजे व्यायामावर वरून भुरभुरलेली साखर नाही. दुखत नसताना, कुणी शिट्टी मारत नसताना, माणूस उद्या पुन्हा स्टुलावर येऊन बसतो तो त्या सुखासाठी. आमच्या वर्गातल्या ब्लाउज शिवणाऱ्या एक ताई आधी जिमला पैसे भरून सोडून आल्या, घरी चटई पसरून आसनं धरली आणि सोडली. इथे मात्र त्या टिकल्या. मशीनवर वाकून काम करताना मध्येच उठून दोन कमानी घेतात आणि पुन्हा शिवायला बसतात. त्यांना कुणी ‘कर’ म्हणावं लागत नाही.

आता तुमच्या सूर्यनमस्काराबद्दल. मीही घालते, आणि माझा त्याच्याशी काही झगडा नाही. पण तुम्ही आयुष्यभर शिकवलंय, तेव्हा बारा स्थिती डोळ्यांपुढे आणा. कणा पुढे वाकतो, मागे वाकतो. बाजूला झुकणं नाही, पीळ नाही, गोल फिरणं नाही. सूर्यनमस्कार खांद्यांना, दंडांना, दमाला जे देतो ते जायरोकिनेसिस देत नाही. आणि हे जे देतं ते सूर्यनमस्कारात नाही. एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी असं मी कुठेच म्हटलेलं नाही.

परदेशी म्हणाल, तर ही पद्धत घडवणारे ज्युलिऊ होर्व्हाथ रोमानियातून अमेरिकेत गेलेले बॅले नर्तक. पोटरीला टाचेशी जोडणारा कंडरा तुटला आणि त्यांचं नाचणं सुटलं. पुढे कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावर ते योगाभ्यासात बुडाले, आणि न्यूयॉर्कला परतून 1980 च्या दशकात जे शिकवू लागले त्याला आधी ‘नर्तकांसाठी योग’ असंच म्हणत. तुम्ही ज्या योगाची बाजू घेताय त्याचं ऋण या पद्धतीने कधी लपवलेलं नाही. याचंच यंत्रावरचं भावंड जायरोटॉनिक. त्याला लाकडी मनोरा, पुल्या, वजनं लागतात. ते महागडं आहे आणि परभणीत त्याची गरजही नाही. आम्हाला एक स्टूल पुरतं.

आणि ‘नाचरं’ म्हणून तुम्ही ते मोडीत काढलंत, तिथे मला तुमच्याच मैदानावर यावं लागेल. प्रशालेच्या पटांगणात पोरांना लेझीम तुम्हीच शिकवली असणार. हलगी घुमायला लागली की जो पोरगा कवायतीत मागच्या रांगेत लपायचा तोच लेझमीत पुढे यायचा, हे तुम्ही पाहिलेलं असेल. आठ आवाज, पवित्रा हे तिचे प्रकार आठवा: त्यात कमरेतून झुकणं आहे, बाजूला जाणं आहे, पाय बदलत तोल सांभाळणं आहे, आणि सगळं ठेक्यात. पोरं दमून घामाघूम व्हायची तरी ‘सर, अजून एकदा’ म्हणायची. त्याला तुम्ही नाच म्हणून वर्गाबाहेर काढलं नाही. शारीरिक शिक्षणाच्या तासालाच घेतलं, आणि बरोबर केलंत. दिंडीतली पावली बघा, टाळ वाजवत वाकून, मागे सरून, पुन्हा पुढे येणारे साठी-सत्तरीचे लोक बघा. ठेक्यात आणि आनंदात अंग हलवणं ही आपल्याकडे कधी हलकी गोष्ट नव्हती.

घामाबद्दल थोडंच. घाम हा अंग थंड ठेवायचा मार्ग. मे महिन्यात परभणीत नुसतं बसूनही तो येतो, म्हणून तो व्यायामाचं माप होऊ शकत नाही. पण तुमच्या बोलण्यातलं खरं मी मान्य करते: हृदयाला दम लागणारा व्यायाम हवाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम करावा, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. पासष्टीपुढच्या पिढीसाठी तोलाचा सरावही त्यात धरला आहे, आठवड्यातून तीन दिवस किंवा जास्त. म्हणून आमच्या वर्गातल्या बहुतेकजणी कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर झपाझप चालून मगच येतात.

पुराव्याचं विचारलंत, ते योग्यच आहे. जायरोकिनेसिसवर मोठे अभ्यास फारसे झालेले नाहीत, तेव्हा त्याने मधुमेह जातो, वजन उतरतं असं मी कुणालाच सांगत नाही. याच वाहत्या जातीच्या ‘ताई ची’ या चिनी व्यायामप्रकारावर मात्र बरंच काम झालंय. 2019 मध्ये वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 108 चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. त्यात व्यायामाने ज्येष्ठांच्या पडण्याचं प्रमाण साधारण 23 टक्क्यांनी घटलेलं दिसलं, आणि ताई चीत ही घट साधारण 19 टक्के. ताई चीचा पुरावा तेवढा भक्कम नाही, हेही त्यातच नोंदवलंय. हा आकडा मी जायरोकिनेसिसच्या खात्यावर टाकणार नाही. पण सावकाश, न तुटणाऱ्या हालचालीने म्हातारपणी तोल सुधारू शकतो, एवढं त्यातून नक्की घेते.

आता तुमचे गुडघे. हात नसलेली, कडक बैठकीची खुर्ची घ्या. बुड गुडघ्यांपेक्षा किंचित वर राहील अशी घडी घातलेली चादर खाली ठेवा. तळपाय पूर्ण टेकलेले, गुडघा आणि पाऊल एका दिशेला. पाठ टेकायची नाही. श्वास घेत छाती पुढे-वर, सोडत पाठ गोल, सात-आठ वेळा, दुखणार नाही इतकंच. मान मागे टाकायची नाही, नजर समोरच्या भिंतीवर जरा वर. चक्कर आली तर थांबा. हाडं ठिसूळ झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर पाठ गोल करायचा भाग गाळा आणि फक्त लांब होऊन बसा. गुडघ्यांसाठी मात्र एवढंच पुरणार नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूत ताकद आणावी लागेल. त्यासाठी त्याच खुर्चीतून हातांचा आधार कमी करत उठणं-बसणं, आधी फिजिओथेरपिस्टला दाखवून. बाजूला झुकणं आणि पीळ आठवडाभराने सुरू करा.

वर्ग सकाळी साडेसहाला असतो, सेलूहून रोज येणं व्हायचं नाही. पण परभणीला काही कामाने आलात तर एक दिवस या. लेझीम घरी असेल तर घेऊन या, आमच्यातल्या कितीतरी जणींनी शाळेनंतर ती हातात धरलेली नाही.