सव्वा स्टॉपचा हिशेब

काका, सादर नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. निकॉन झेड५०-टू हा कॅमेरा नव्या पोरांनी घ्यावा, असं मी लेखात लिहिलेलं तुम्हाला पटलं नाही, आणि का पटलं नाही तेही तुम्ही मुद्देसूद सांगितलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: क्रॉप सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग, फुल फ्रेमपेक्षा लहान) म्हणजे अर्धाच कॅमेरा. त्यातला २०.९ मेगापिक्सेलचा सेन्सर २०१६ मधल्या निकॉन डी५०० कॅमेऱ्याच्या काळातला, म्हणजे शिळा. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवायची सोय) नाही. थोडे पैसे इकडेतिकडे केले तर सेकंडहँड झेड५ मिळतो, तोही फुल फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचा. आणि इंदूरच्या सराफ्यात रात्री खाण्याच्या गाड्या लागतात, तिथल्या फोटोंना आता फोन पुरतो. शेवटचं वाक्य होतं, ‘ताई, तुम्ही नव्या पोरांना चुकीच्या वाटेला लावताय.’ तीस वर्षं लग्नं शूट केलेल्या माणसाचं हे वाक्य मला लागलं, म्हणून सविस्तर लिहिते. कॅमेरा मी स्वतःच्या पैशानं दुकानातून घेतला आहे, हे आधीच सांगते.

सेन्सरच्या आकारापासून सुरू करू, कारण सगळं तिथेच अडलंय. फुल फ्रेम ३६ बाय २४, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. झेड५०-टूचा सेन्सर २३.५ बाय १५.७, म्हणजे ३६९. फुल फ्रेम २.३४ पट मोठा, स्टॉपच्या भाषेत सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). अपर्चर (लेन्सचं भोक) तेच, शटर (प्रकाश आत येण्याचा वेळ) तेच, तर फुल फ्रेमला एवढा जास्त प्रकाश मिळणार आणि फोटो तेवढा स्वच्छ येणार. यावर वाद नाही. लेखात मी ‘थोडा फरक पडतो’ एवढंच लिहून पुढे गेले. आकडा द्यायला हवा होता, ती चूक माझी.

पण हा सव्वा स्टॉप खर्च कुठे होतो आणि परत कुठून मिळतो, हे पाहिल्याशिवाय ‘अर्धा कॅमेरा’ म्हणता येत नाही. सराफ्यातलंच उदाहरण घेते. रात्रीचे अकरा, चांदीची दुकानं बंद, त्यांच्या ओट्यांसमोर गाड्या लागलेल्या, वर एलईडीचे दिवे. भुट्ट्याचा कीस परतणारा हात मला हलताना गोठवायचा आहे, म्हणून शटर १/१२५ सेकंद. झेड५०-टूवर २४ मिमी एफ/१.७ लेन्स लावली की आयएसओ १६०० वर काम होतं (एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं; आयएसओ जितका वाढवावा लागेल तितका दाणा जास्त). आता झेड५ घेऊन तुम्ही शेजारी उभे आहात आणि लेन्स आहे २४-७० एफ/४. त्याच शटरला तुमचा आयएसओ ९००० च्या आसपास जाईल, कारण एफ/१.७ ते एफ/४ म्हणजे जवळजवळ अडीच स्टॉप. त्यातले सव्वा तुमचा मोठा सेन्सर भरून काढतो. उरलेला सव्वा माझ्या बाजूला पडतो. वजन पाहा: माझी बॉडी बॅटरी आणि कार्डासकट ५५० ग्रॅम, लेन्स १३५. तुमची बॉडी ६७५, लेन्स ५००. माझं ६८५ ग्रॅम, तुमचं ११७५.

तुम्ही लगेच म्हणाल, झेड५ वर एफ/४ झूम कशाला, ४० मिमी एफ/२ लावतो. बरोबर आहे. ती लेन्स १७० ग्रॅमचीच आहे. तेव्हा पाऊण स्टॉपनं तुम्ही पुढे आणि वजनातला फरक १६० ग्रॅमवर येतो. म्हणजे जुना फुल फ्रेम आणि एक छोटी प्राइम (झूम न होणारी) लेन्स, एवढंच ज्याला पुरतं आणि जो उभ्या-बसल्या माणसांचे, वाड्यांचे, गल्लीबोळांचे फोटो काढतो, त्याला तुमचा सल्ला माझ्या सल्ल्यापेक्षा चांगला आहे. हे मी मनापासून लिहिते. अडचण अशी की बहुतेक पोरं तसं करत नाहीत. सगळे पैसे बॉडीत घालतात आणि पुढे तीन वर्षं एफ/४ किंवा त्याहून अंधाऱ्या झूमवर काढतात. फुल फ्रेम घेतल्याचं समाधान मिळतं, सव्वा स्टॉप मात्र मिळत नाही. मला भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच विचारते, की बॉडी घेतल्यावर लेन्ससाठी हातात किती उरणार?

‘अर्धा’ या शब्दावर एक गोष्ट आठवली. लाला दीनदयाळ आपल्या इंदुरातच बांधकाम खात्यात नोकरीला होते. १८७० च्या दशकात त्यांनी इथेच फोटो काढायला सुरुवात केली, दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचा त्यांना आश्रय मिळाला. तेव्हाच्या पद्धतीत मोठी काच कलोडियन नावाच्या चिकट द्रावणानं माखायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुवायची. जिथे जायचं तिथे अंधारखोलीही बरोबर न्यायची. अशा काचांची सवय असलेल्यांना ३६ बाय २४ ची चौकट केवढीशी वाटली असेल! ऑस्कर बार्नाकनं सिनेमाच्या फिल्मच्या दोन चौकटी जोडून ती बनवली आणि १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत लायका लोकांपुढे आला, तेव्हा त्याला मिनिएचर कॅमेराच म्हणत. आज आपण ज्याला ‘फुल’ म्हणतो, ते त्या काळचं छोटं. म्हणून नावावरून कमीजास्त ठरवू नये असं मला वाटतं.

आता शिळ्या सेन्सरबद्दल. मेगापिक्सेल तेवढेच आहेत, खरं आहे. पण अंधारातल्या फोटोत जो दाणा दिसतो, त्यातला मोठा भाग प्रकाशातूनच येतो. फोटॉन कमी असले की ते कुठे जास्त, कुठे कमी पडतात आणि तेच आपल्याला दाण्यासारखं दिसतं. सेन्सर नवा आणला म्हणून फोटॉन वाढत नाहीत. या बाबतीत चांगले सेन्सर दहा वर्षांपूर्वीच बरंच गाठून बसले होते. बदललं आहे ते त्यामागचं डोकं. झेड५०-टूमध्ये एक्सपीड ७ आहे, निकॉनच्या वरच्या दर्जाच्या झेड९ मध्ये असलेलाच प्रोसेसर. झेड५ मध्ये एक्सपीड ६. कागदावर हा एका आकड्याचा फरक आहे, प्रत्यक्षात माझ्या कामाचा निम्मा भाग त्यावर चालतो.

रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिली असेल. टोरी कॉर्नरकडून राजवाड्याकडे येताना एका क्षणी समोरचा चेहरा स्वच्छ असतो, दुसऱ्या क्षणी गुलालाचा लोट मध्ये येतो. तिथे बिंदू सरकवून फोकस करायला वेळच नसतो. थ्रीडी ट्रॅकिंगमध्ये (यात फोकस आपोआप हलत्या माणसाच्या मागे जातो) चेहरा एकदा पकडला की धुरळा ओसरल्यावर कॅमेरा बहुतेक वेळा पुन्हा त्याच चेहऱ्यावर येतो. चेहरा पूर्ण माखलेला असेल तर चुकतो, हेही सांगते. मेकॅनिकल शटरवर सेकंदाला ११ फोटो निघतात, झेड५ चे ४.५. (गेरमध्ये लेन्स बदलू नका, कॅमेरा कुठलाही असो. अशा मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यात लेन्स काढली की सेन्सर उघडा पडतो.)

एका बाबतीत मी या कॅमेऱ्यावर नाराज आहे आणि ते लेखात पुरेसं आलं नाही. बटण पूर्ण दाबायच्या आधीच्या एका सेकंदातले फोटो साठवायची सोय यात आहे. सराफ्यात दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलतात ना, त्यासाठी ही सोय अगदी नेमकी, असं वाटून मी तीन रात्री गेले. हाती आले आडवे पट्टे. ही सोय इलेक्ट्रॉनिक शटरवर चालते, सेन्सर एकेक ओळ करून वाचला जातो, आणि आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची म्हणून बरेच एलईडी दिवे सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतात. वेगवान शटरला ते कमीजास्त होणं ओळींमध्ये उतरतं. शिवाय फाइल फक्त जेपेग, म्हणजे नंतर दुरुस्तीला वाव कमी. शेवटी मेकॅनिकल शटर, फ्लिकर रिडक्शन चालू आणि द्रोण उडवणाऱ्या हाताचा अंदाज, असंच जमलं. दिवसा, उन्हात ही सोय उत्तम आहे. रात्रीच्या बाजारात तिच्या भरवशावर राहू नये.

फोनचा मुद्दा. चांगल्या फोनमधला ‘एक-इंची’ म्हणवणारा सेन्सरसुद्धा या क्रॉप सेन्सरच्या एक तृतीयांशाहून लहान असतो आणि बहुतेक फोनमधला त्याहून लहान. ही उणीव फोन अनेक फोटो एकावर एक रचून भरून काढतो. समोरचं स्थिर असेल तर ते कौतुक करावं इतकं छान जमतं, राजवाड्याची रोषणाई फोनवर काढून बघा. पण कढईवरची वाफ, पिठात बुडणारी बोटं, हसता हसता मागे वळलेली पोरगी, यांचे सात-आठ फोटो एकमेकांवर बसत नाहीत. मग फोन तिथे सारवासारव करतो. माझ्या आईचा सराफ्यातला एक फोटो मी दोन्हीवर काढला होता. फोनवरच्या फोटोत तिच्या हातावरच्या शिरा गुळगुळीत झाल्या होत्या. ते हात माझ्या ओळखीचे वाटेनात.

आणि काका, माझ्या बाजूची एक गोष्ट तुमच्या तीस वर्षांत कदाचित आली नसेल. लग्नात फोटोग्राफरला सगळे वाट देतात. सराफ्यात मोठी बॉडी आणि जाडजूड झूम घेऊन एकटी बाई उभी राहिली की दोन मिनिटांत विचारणा होते, ‘मैडम, कौन-से चैनल से हो?’ जलेबा तळणारा ताठ होतो, शर्टाची बटणं लावतो. वाईट कुणीच वागत नाही, पण मला जे टिपायचं असतं ते तिथेच संपतं. छोटी प्राइम लावलेला हा कॅमेरा मी शबनममधून काढते, दोन फोटो घेते, परत ठेवते. कीस खाऊन पैसे देते तेव्हा कुठे गाडीवाल्याच्या लक्षात येतं.

स्टॅबिलायझेशनबद्दल तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. किटमधल्या १६-५० लेन्समध्ये ते आहे, पण २४ एफ/१.७ मध्ये नाही आणि बॉडीत नाही. तिन्हीसांजेला कृष्णपुऱ्याच्या छत्र्या हातात कॅमेरा धरून काढायच्या तर तुमचा झेड५ १/८ वर सहज निभावेल, मला ट्रायपॉड लागेल किंवा आयएसओ वाढवावा लागेल. कंपनीनं हे बॉडीत द्यायलाच हवं होतं. माणसं हलत असतील तर मात्र त्याचा उपयोग नाही, शटर वेगवानच ठेवावं लागतं. क्रॉपसाठी स्वतःच्या चांगल्या लेन्स काढण्यातही निकॉननं हात आखडता घेतला. सिग्मा कंपनीच्या १६, ३० आणि ५६ मिमी एफ/१.४ या तीन लेन्स झेड माउंटवर (या कॅमेऱ्यांच्या लेन्सजोडणीवर) आल्या, म्हणून वाट मोकळी झाली.

पक्ष्यांचा विषय तुमच्या प्रतिक्रियेत नव्हता, पण मला लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण सिरपूर तलावावर जाणारे आहेत. २०२२ मध्ये तो रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत) आला तेव्हापासून हिवाळ्यात सकाळी काठावर कॅमेरे वाढलेत. तिथे क्रॉप हा फायदाच आहे. ५०-२५० लेन्स ४०५ ग्रॅमची, तिचा पल्ला फुल फ्रेमवरच्या ३७५ मिमीएवढा. झेड५ च्या २४ मेगापिक्सेलच्या फोटोतून तेवढीच चौकट कापलीत तर हातात दहा मेगापिक्सेल राहतात. माझ्याकडे पूर्ण २०.९, म्हणजे कमळपक्ष्यावर दुप्पट पिक्सेल. शिवाय झेड५०-टूला पक्षी वेगळा ओळखता येतो, झेड५ ला माणसं, कुत्री आणि मांजरं एवढीच ओळखता येतात. बॅटरी मात्र छोटी आहे, थंडीत सकाळी दुसरी खिशात हवीच.

आता लग्नाचं. लेखात मी ‘छोट्या लग्नाच्या ऑर्डरलाही चालेल’ असं लिहिलं होतं. ते वाक्य मी आज काढलं. कारण पिक्सेल नव्हे. ५५६८ बाय ३७१२ ची फाइल ३०० डीपीआयला साडेअठरा बाय बारा इंचांपेक्षा थोडी मोठीच जाते, म्हणजे उघडल्यावर १२ बाय ३६ इंच होणाऱ्या करिज्मा या लग्नाच्या अल्बमचं एक पान पूर्ण भरतं. कारण आहे कार्ड. यात एकच स्लॉट आहे, झेड५ मध्ये दोन. माझ्या ओळखीतल्या एका मुलाचं कार्ड हळदीच्या रात्री गेलं. मुलीच्या आजीचे त्या दिवशीचे सगळे फोटो त्यातच होते आणि आजी पुढच्या महिन्यात गेल्या. पैसे त्यानं परत केले. घरच्यांनी काही बोल लावला नाही, पण त्या घरासमोरून जाताना तो अजून गाडी हळू करत नाही. पैसे घेऊन दुसऱ्याचा दिवस टिपायचा असेल तर दोन कार्डांचाच कॅमेरा घ्यावा, आणि हे तुमच्या प्रतिक्रियेमुळे मी आता लेखात स्पष्ट लिहिलंय.

एक विचारायचं आहे. सराफ्यातले आयएसओ ३२०० चे दोन फोटो मी १२ बाय १८ मध्ये छापून घेतले. मॅट कागदावर दाणा जवळजवळ दिसेना, ग्लॉसीवर मात्र काळ्या भागात लगेच डोळ्यात आला. तुम्ही करिज्मासाठी कोणत्या कागदावर, किती आयएसओपर्यंतची फाइल लॅबला पाठवायचात? आणि दाणा तुम्ही स्वतः काढायचात की लॅबवर सोडायचात? सवडीनं लिहा, मी वाट पाहते.