न जळणारा दोरा आणि सुलेमानी हकीक

सुलेमानी हकीक म्हणून विकल्या जाणाऱ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अकीकाविषयीचा एक मजकूर हातोहात पुढे पाठवला जातो. त्यात चार दावे असतात: खड्यावर गुंडाळलेला दोरा काडी लावूनही जळला नाही तर खडा अस्सल, घड्याळातल्या क्वार्ट्झप्रमाणे तो सतत ऊर्जा सोडतो, त्याचे सगळे रंग निसर्गदत्त असतात, आणि तो गळ्यात घातल्यास दमा बरा होतो.

दोऱ्याचा प्रयोग खरा आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा खोटा आहे. घट्ट गुंडाळलेल्या दोऱ्याला लागणारी आच त्याला टेकलेला दगड चटकन शोषून घेतो, आणि त्यामुळे दोरा पेट घेण्याइतका तापतच नाही. काचेची गोटी, नाणे किंवा नदीतला कोणताही गुळगुळीत गोटा घेतला तरी हेच घडते. म्हणजे ज्या नकली खड्याला पकडायचे, तोही या परीक्षेत उत्तीर्ण होतो. खनिजांची कठिणता मोजणाऱ्या १ ते १० च्या मोहस श्रेणीवर अकीकाची कठिणता ६.५ ते ७ असल्याने त्याचा साध्या काचेवर ओरखडा उठतो, आणि काचेच्या नकलेत भिंगाखाली बहुधा गोल बुडबुडे दिसतात. ही पारख अधिक भरवशाची आहे, फक्त ती चित्रफितीत तितकी शोभत नाही.

ऊर्जेचा दावा थोडक्यात निकाली निघतो. घड्याळातला क्वार्ट्झ हा ठरावीक कोनात कापलेला एकसंध स्फटिक असतो आणि सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावण्यासाठी त्याला बॅटरी लागते. अकीकही क्वार्ट्झप्रमाणे सिलिकाचाच, म्हणजे वाळूतल्या मुख्य द्रव्याचाच, असला तरी तो असंख्य सूक्ष्म तंतूंचा बनलेला असतो, आणि त्याला कोणी बॅटरी जोडत नाही.

रंगांची गोष्ट अधिक रंजक आहे. अकीक प्रामुख्याने ज्वालामुखीच्या खडकांतील पोकळ्यांत, सिलिका थराथराने साचून तयार होतो. महाराष्ट्रातल्या बेसाल्टमध्येही तो गारगोट्यांच्या सोबतीने सापडतो. नैसर्गिक अकीक बहुधा राखाडी, पांढरा, तपकिरी किंवा तांबूस असतो. त्याचे काही पट्टे सच्छिद्र असल्यामुळे ते रंग पितात, आणि जर्मनीतील इडार-ओबरस्टाइन येथील कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात याच गुणावर मोठा व्यवसाय उभा केला. खडा साखरेच्या पाकात मुरवून नंतर गंधकाम्लात ठेवला की आत शिरलेल्या साखरेचा कोळसा होतो आणि ते पट्टे काळे पडतात. बाजारातला पुष्कळसा गडद काळा खडा अशाच प्रक्रियेतून आलेला असतो, आणि भडक निळा व गुलाबी तर बहुतेक वेळा रंगवलेलाच. भाजण्याची रीत याहून कितीतरी जुनी आहे: लोहयुक्त दगड तापवला की तो लाल होतो, हे हडप्पाकालीन मणिकारांना ठाऊक होते आणि त्यांचे लांबट लाल मणी मेसोपोटेमियातील उर येथील राजघराण्याच्या दफनभूमीपर्यंत पोहोचले होते. या प्रक्रियांत गैर काही नाही. रंगवलेला खडा निसर्गदत्त म्हणून दामदुपटीने विकणे गैर आहे.

उरला दम्याचा दावा, आणि तोच सर्वांत घातक आहे. गळ्यातल्या खड्याने दमा बरा होतो याला कोणताही वैद्यकीय पुरावा नाही, आणि त्याच्या भरवशावर इन्हेलर बाजूला ठेवणे जिवावर बेतू शकते. घातलेला मणी निरुपद्रवी असतो; तो घासताना उडणारी सिलिकाची बारीक धूळ मात्र नाही. गुजरातमधील खंबायत येथे अकीकाचे मणी घडवणाऱ्या कारागिरांना, आणि ते काम घरातच चालत असल्याने कधी कधी प्रत्यक्ष दगडाला हात न लावणाऱ्या घरच्यांनाही, या धुळीमुळे सिलिकोसिस झाल्याचे आढळले आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्यावर अभ्यास केला आहे. या आजारात फुप्फुसे कठीण होत जातात, धाप लागते आणि क्षयरोगाचा धोका वाढतो. दगड ओला ठेवून घासल्यास आणि धूळ जागच्या जागी ओढून घेणारी यंत्रणा बसवल्यास हा धोका कमी करता येतो, परंतु एकदा जडलेला सिलिकोसिस औषधानेही बरा होत नाही.