गोत्र वेगळं, म्हणजे धोका टळला?

लग्नसराई आली की व्हॉट्सॲपवर एक संदेश हमखास फिरतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: स्त्रीत दोन एक्स गुणसूत्रं, पुरुषात एक एक्स आणि एक वाय. बापाकडून वाय आलं तर मुलगा, एक्स आलं तर मुलगी. वाय फक्त बापाकडून मुलाला मिळतं, म्हणून त्याचा माग ठेवायला ऋषींनी गोत्रं लावली. मुलात ९५ टक्के अंश वडिलांचा असतो. मुलीत वाय नाही, म्हणून ती वंश चालवत नाही. सगोत्र लग्नात सारखी वाय गुणसूत्रं एकत्र येऊन संतती सदोष होते, गोत्र वेगळं असलं की चिंता नाही. आणि सात जन्मांचं नातं म्हणजे सात पिढ्यांचा जनुकीय हिशेब.

हा संदेश वाचून लोक खरोखरच सोयरिकी जुळवतात आणि मोडतात, म्हणून त्यातला प्रत्येक दावा तपासायला हवा.

वाय बापाकडूनच मुलाला जातं, हे खरं आहे. मुलगा की मुलगी हे शुक्राणूत एक्स आहे की वाय यावर ठरतं, हेही खरं. मुली झाल्या म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांनी एवढा भाग तरी नीट वाचावा. संदेशातलं खरं इथं संपतं.

‘मुलगा ९५ टक्के वडिलांचा.’ हा आकडा बहुधा एका वेगळ्याच गोष्टीतून उचलला आहे. शुक्राणू तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या शेजारी येतात आणि आपसांत तुकडे बदलतात. वाय मात्र फक्त टोकांपाशी एक्सशी असे तुकडे बदलतं. त्याचा सुमारे ९५ टक्के भाग बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसाच्या तसा जातो. ही टक्केवारी एका गुणसूत्राची आहे, अख्ख्या मुलाची नव्हे. मुलाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, २३ आईची आणि २३ वडिलांची. शिवाय आईकडून आलेलं एक्स डीएनएच्या सुमारे १५ कोटी अक्षरांचं, तर वडिलांचं वाय सहा कोटींच्या आसपास. पेशीला ऊर्जा देणाऱ्या तंतुकणिकांची स्वतःची जनुकं तर सगळी आईचीच. म्हणजे मोजायलाच बसलं तर मुलात आईचा वाटा किंचित जास्त भरतो.

‘मुलगी वंश चालवत नाही.’ या दाव्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण मुलगाच हवा या हट्टाला तो विज्ञानाचं नाव देतो. माणसाच्या सुमारे २०,००० जनुकांपैकी वायवर शंभराच्या आसपास आहेत. ती वृषण घडवणं आणि शुक्राणू तयार करणं यांसाठी मोलाची आहेत, पण रक्तगट, रंग, उंची, बहुतेक आनुवंशिक आजार यांची जनुकं इतर गुणसूत्रांवर असतात आणि बाप ती मुलीलाही तितकीच देतो. उलट वडिलांचं एक्स फक्त मुलीलाच मिळतं, मुलाला कधीच नाही. हिमोफिलियाचं, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराचं, उदाहरण घ्या. वडिलांना हा आजार असेल, तर त्यांच्याकडून तो मुलग्यांत येत नाही, पण सगळ्या मुली वाहक होतात, म्हणजे बिघडलेलं जनुक पुढे नेतात. अशा मुलीच्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी. आजोबांचा आजार लेकीच्या पोटी नातवात उतरतो आणि गोत्राच्या हिशेबात हे आजोबा-नातू एकमेकांचे कुणीच नसतात!

आता मुख्य दावा, सारखी वाय एकत्र येण्याचा. बायकोकडे वायच नसतं. नवरा-बायकोचं गोत्र एक असो वा वेगळं, दोन वाय भेटायला वावच नाही. नात्यातल्या लग्नाचा धोका वेगळ्याच वाटेनं येतो. आपल्या प्रत्येकात काही बिघडलेली अप्रभावी जनुकं असतात. जोडीची दुसरी प्रत चांगली असल्यामुळे ती त्रास देत नाहीत. नवरा-बायकोला एकाच पूर्वजाकडून तोच बिघाड मिळालेला असला, तर मुलाच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या प्रती येऊ शकतात.

या कसोटीवर गोत्र लावून पाहा. दहा पिढ्या मागे वंशवृक्षात १,०२४ जागा असतात. गोत्र त्यातल्या एकाच जागेचा माग ठेवतं. चुलतबहीण आणि मामेबहीण, दोघींशी जनुकांचा सरासरी समान वाटा एक अष्टमांश. निसर्गाला दोघी सारख्याच. गोत्राला चुलतबहीण चालत नाही, मामेबहीण मात्र चालते आणि महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मामाची मुलगी करण्याची रीत आहेच. कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूत मामा-भाचीचं लग्नही होतं. तिथं वाटा एक चतुर्थांश, आणि गोत्र तरीही वेगळं. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नात मुलाला गंभीर जन्मजात दोष असण्याच्या नेहमीच्या धोक्यात साधारण दोन-तीन टक्क्यांची भर पडते. घाबरून जावं इतकी ती नाही, पण खरी आहे आणि गोत्र तिला अडवत नाही.

तेलुगू भाषक वैश्य समाजाचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. गोत्राचे नियम हा समाज कसोशीनं पाळतो. तरीही भूल देताना वापरल्या जाणाऱ्या एका स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा निचरा करणारं विकर (एन्झाइम) न बनण्याचा दोष त्यांच्यात इतरांच्या मानानं कितीतरी जास्त आढळतो. अशा रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर तासन्‌तास स्वतःहून श्वास घेता येत नाही. कारण पिढ्यान्‌पिढ्या लग्नं एकाच समाजात. लहान समूहातल्या एखाद्या पूर्वजाचा बिघाड तिथंच फिरत राहतो. गोत्र बदललं तरी जात तीच, म्हणून जनुकांचा साठाही तोच.

सात पिढ्यांचा हिशेब तर नुसता भागाकार आहे, दर पिढीला निम्मा. सात पिढ्यांमागच्या एका पूर्वजाचा वाटा १/१२८ ही सरासरी झाली. प्रत्यक्षात जनुकं तुकड्या-तुकड्यांनी जातात. एखाद्याचे जास्त येतात, एखाद्याचे कमी, आणि आणखी मागे गेलं तर काही पूर्वजांचा एकही तुकडा आपल्यात उरत नाही. पाणी घालत गेल्यासारखा अंश एकसारखा पातळ होत नाही.

एक गोष्ट परंपरेच्या बाजूनंही सांगायला हवी. शास्त्रकारांनी गोत्राशिवाय सापिंड्याचा, म्हणजे जवळच्या रक्ताच्या नात्याचा, वेगळा नियम केला होता. याज्ञवल्क्यस्मृतीत आईकडून पाचव्या आणि वडिलांकडून सातव्या पिढीपलीकडची मुलगी करावी असं म्हटलं आहे. आईची बाजूही मोजणारा हा नियम संदेशात कुठंच नाही. कायद्यानंही हाच धागा धरला. सगोत्र लग्नाची आडकाठी १९४६ मध्ये गेली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात सपिंड लग्नाला मनाई आहे, आईकडून तीन आणि वडिलांकडून पाच पिढ्यांपर्यंत, रूढीची सवलत सोडून.

‘गोत्र वेगळं असलं की चिंता नाही’ हे वाक्य सगळ्यात घातक आहे, कारण त्याच्या भरवशावर तपासणी राहून जाते. सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे रक्ताचे आनुवंशिक आजार. गडचिरोली आणि विदर्भाच्या इतर भागांत, तसंच नंदुरबारमध्ये सिकलसेल आहे; सिंधी, कच्छी, लोहाणा समाजांत थॅलेसेमियाचे वाहक जास्त आहेत. वाहक स्वतः ठणठणीत असतो. दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के. रक्ताच्या साध्या तपासणीत, हिमोग्लोबिनचे प्रकार मोजून, हे लग्नाआधीच कळतं. दोघांपैकी एकच वाहक निघाला तर मुलांना तो आजार होत नाही. दोघंही निघाले, तरी लग्न मोडायचं कारण नाही. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाची तपासणी करता येते, फक्त त्यासाठी डॉक्टरांना आधी माहीत असावं लागतं.