एका दाबात दोन क्लिक: कारण व्हायरस नाही, स्विच आहे

‘माउस एकदा दाबल्यावर दोनदा क्लिक होत असेल तर व्हायरस शिरला आहे, लगेच फॉरमॅट मारा’ असा मेसेज फिरतो आहे. कृपया असं करू नका. फॉरमॅटमध्ये फोटो आणि कागदपत्रं जातील, दोष मात्र बहुतेक वेळा तसाच राहील.

बटणाखाली एक छोटा मायक्रोस्विच असतो. दाबल्यावर त्यातली धातूची पातळ पट्टी संपर्कबिंदूवर आदळते आणि क्षणभर थरथरते. नव्या माउसमध्ये ही थरथर काही मिलिसेकंदांचीच असते, आतली चिप ती गाळून टाकते. वापराने पट्टी सैल पडते, संपर्कावर थर साचतो, थरथर लांबते आणि चिप तिला दुसरा क्लिक समजते. महागड्या माउसलाही हे होतं. वायरचा यात काही संबंध नाही. वायर आतून तुटली तर माउस मधूनच बंद पडतो, तो दोष वेगळा.

खात्री करायची तर तोच माउस दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. तिथेही दोनदा क्लिक झालं तर दोष माउसचाच. वॉरंटी असेल तर बदलून घ्या, नसेल तर सोल्डरिंग येणारा कारागीर नुसता स्विच बदलून देऊ शकतो.