सगळी मॅगव्हील सारखीच नसतात

गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. मला तो तीन जणांनी पाठवला, त्यातल्या एकाने तर नवीन सेट घ्यायला निघता निघता. मजकुराचा सारांश असा : मॅगव्हील, म्हणजे गाडीची अ‍ॅल्युमिनियमची चाकं, सगळी एकच. अ‍ॅल्युमिनियम तेच, चीनमधले कारखाने तेच. वीस हजारांचा सेट आणि लाखाचा सेट यांत फरक फक्त मधल्या टोपीवरच्या नावाचा. घेताना जड बघून घ्या, बोल्ट बसले की झालं.

हे वाचून स्वस्थ बसवत नाही, कारण मी याच समजुतीवर एकदा सेट घेतला होता. साताऱ्याहून येताना पुलाच्या सांध्यावर पुढचं डावं चाक जोरात आपटलं. टायरला ओरखडाही नव्हता, पण दर दोन दिवसांनी हवा कमी. टायरवाल्याने दोनदा पंक्चर शोधलं, सापडेना. मग त्याने अख्खं चाक पाण्याच्या टाकीत घातलं आणि हळूहळू फिरवलं. रिमच्या आतल्या बाजूला, आऱ्याच्या बरोबर मागे, बुडबुड्यांची बारीक माळ वर आली. "दादा, पंक्चर नाही, रिमच पाझरतीये," तो म्हणाला. केसाएवढी चीर होती. घाटात भरधाव असताना ती रुंदावली असती तर, हा विचार अजून येतो.

आता एकेक मुद्दा घेऊ.

"अ‍ॅल्युमिनियम तेच." धातूचं नाव तेच असेलही. ओतीव चाकांना साधारणपणे ए-३५६ नावाचा मिश्रधातू वापरतात, त्यात सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम असतं. पण खरी गोष्ट पुढे आहे. वितळलेला रस साच्यात नुसता वरून ओतला तर आत हवेचे सूक्ष्म पोकळे राहण्याचा धोका जास्त. कमी दाबाने खालून वर चढवला तर साचा शांतपणे भरतो आणि ओत घट्ट येतो. त्यानंतर चाक सुमारे ५४० अंश सेल्सिअसवर काही तास भाजायचं, पाण्यात बुडवून झटकन थंड करायचं आणि पुन्हा कमी तापमानाला काही तास मुरवायचं. धातूला खरी ताकद या भाजण्या-मुरवण्यातून येते. हे सगळं करायला भट्टी, इंधन आणि वेळ लागतो. ज्याने यात काटकसर केली त्याचं चाक दुकानात तितकंच चकचकीत दिसतं. रंगाखालचं काही दिसत नाही, आणि किमतीतला मोठा फरक तिथेच असतो.

याच्या वरची पायरी फ्लो फॉर्मिंगची. आधी जाड कडेचं चाक ओतायचं, मग ते गरम करून गरगर फिरवत रोलरने दाबून कड ताणायची. पोळी लाटावी तसा धातू पसरतो, पातळ होतो आणि तरी मजबूत राहतो. सगळ्यात महाग फोर्ज केलेलं चाक. तिथे धातू ओतत नाहीत, घन ठोकळा हजारो टनांच्या प्रेसखाली दाबतात आणि नंतर सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, तासन्‌तास कोरतात. ठोकळ्याचा बराचसा भाग चुरा होऊन खाली पडतो. लाखाच्या सेटमध्ये त्या चुऱ्याचे आणि मशीनच्या तासांचेही पैसे असतात.

"कारखाने तेच." यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. एकच कारखाना अनेक नावांसाठी चाकं बनवतो, आणि चीनमध्ये बनलेली उत्तम चाकंही असतात. पण ज्याची ऑर्डर, त्याची अट. एक गिऱ्हाईक प्रत्येक चाकाचा एक्स-रे आणि गळतीची तपासणी मागतं, नापास माल परत वितळवायला लावतं, आणि त्या नापास मालाचा खर्च पास झालेल्या चाकांच्या किमतीत चढतो. दुसऱ्याला फक्त भाव हवा असतो. शिवाय सगळी चाकं बाहेरूनच येतात असंही नाही. आपल्या पुण्याजवळ शिक्रापूरला चाकं बनवणाऱ्या जपानी एन्केई कंपनीचा कारखाना आहे.

तपासणी म्हणजे काय, याचा एकच नमुना सांगतो. आयएसओ ७१४१ या आंतरराष्ट्रीय मानकात धक्क्याची चाचणी आहे. टायर चढवलेलं चाक १३ अंश तिरकं बसवायचं आणि त्याच्या कडेवर वजन टाकायचं. किती वजन? चाकावर येणाऱ्या कमाल भाराच्या ०.६ पट, अधिक १८० किलो. चाकावर ४५० किलो भार धरला तर हिशेब बरोबर ४५० किलोचाच येतो. ते २३० मिलीमीटरवरून, म्हणजे जवळजवळ वीतभर उंचीवरून पडतं. चाकाच्या मध्यभागी आरपार चीर गेली किंवा एका मिनिटात सगळी हवा निघून गेली तर चाक नापास. पुलाच्या सांध्यावर माझ्या चाकाला बसलेला धक्का याच जातीचा होता. अशा चाचण्यांत प्रत्येक डिझाइनची काही चाकं मोडावी लागतात. नावाजलेल्या चाकाची नुसती नक्कल मारणाऱ्याने हा खर्च केलाच असेल, याची खात्री काय?

"जड बघून घ्या." हे तर उलटंच आहे. प्रक्रिया साधी असेल तर ताकद आणायला धातू जास्त घालावा लागतो, म्हणून स्वस्त चाक पुष्कळदा जड निघतं. आणि चाकाचं वजन स्प्रिंगच्या खालचं असल्यामुळे खड्ड्यात त्याचे हादरे सस्पेन्शनला सोसावे लागतात.

"बोल्ट बसले की झालं." स्विफ्टला चार बोल्ट, १०० मिलीमीटरचा पीसीडी, म्हणजे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास. होंडा सिटीच्या चार बोल्टच्या मॉडेलांनाही तोच. पण मधलं हबचं भोक स्विफ्टला ५४.१ आणि सिटीला ५६.१. सगळ्यांना बसावीत म्हणून बरीच चाकं मोठ्या भोकाची करतात. मग मध्ये योग्य मापाची रिंग घालावी लागते. ती नसली तर चाक केंद्रात बसेलच असं नाही, आणि बॅलन्सिंग करूनही स्टिअरिंग थरथरत राहतं. ऑफसेट, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते माप, चुकला तर टायर फेंडरला, म्हणजे चाकावरच्या पत्र्याला, किंवा आत सस्पेन्शनला घासतो.

"फरक फक्त नावाचा." काही पैसे नावाचे असतातच. आयात कर, डायमंड कट (मशीनवर कापून चकाकवलेला पृष्ठभाग), दुर्मिळ मापही किंमत वाढवतं. जास्त खपणाऱ्या १५ इंची डिझाइनच्या साच्याचा खर्च पुष्कळ चाकांत वाटला जातो, क्वचित विकल्या जाणाऱ्या १८ इंचीचा थोड्यांत. त्यामुळे महाग ते मजबूत असंही डोळे झाकून धरू नका, आणि लाखाचा सेट घ्या असं मी कुणाला सांगतही नाही. स्वस्त पण प्रामाणिक चाकं मिळतात. दुकानात चाक उलटं करून मागची बाजू बघा. आऱ्यांच्या पाठीवर किंवा हबजवळ भार किलोत लिहिलेला असतो, सोबत जेडब्ल्यूएल, व्हीआयए (या जपानी खुणा) किंवा आयएसआयसारखी खूण असते. गाडीच्या पुस्तकातून पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचा (चाकांच्या जोडीचा) कमाल भार काढा, जो जास्त असेल त्याचं निम्मं करा आणि चाकावरच्या आकड्याशी ताडून बघा. चाकावरचा आकडा कमी असेल तर ते चाक घेऊ नका. खूण नुसती छापलेली वाटली तर चाचणीचा कागद मागा.

माझ्या त्या चाकाच्या पाठीवर माप सोडून एक अक्षर नव्हतं. उरलेल्या तीन चाकांवरही नव्हतं. चारही काढली.