लायटर विझला म्हणजे पर्जिंग झालं?

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. एक तळोज्याच्या फॅब्रिकेटरांचा, एक आम्हा इन्स्पेक्शनवाल्यांचा, एक आयटीआयच्या जुन्या बॅचचा, आणि चौथा चक्क सोसायटीचा. तिथे कुणीतरी 'मेव्हण्याच्या कामाचं आहे' म्हणून टाकला होता. मथळा: 'मोठ्या एसएस पाईपचं पर्जिंग, मीटरशिवाय, कमी खर्चात'. (एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील; पर्जिंग म्हणजे वेल्ड करताना जोडाची आतली बाजू जळू नये म्हणून पाईपमधली हवा आर्गॉनने बाहेर काढणं.) आतला मजकूर थोडक्यात असा: आर्गॉन हवेपेक्षा जड, तो पाण्यासारखा खालून भरत जातो. दहा मिनिटं सोडा, व्हेंटवर (हवा बाहेर जायच्या भोकावर) लायटर धरा, विझला की रूट (वेल्डचा सगळ्यात आतला, पहिला थर) मारा. घाई असेल तर रेग्युलेटर पूर्ण उघडा. डॅमला, म्हणजे जॉईंटच्या दोन्ही बाजूंना पाईपच्या आत लावायच्या बुचांना, पुठ्ठा, स्पंज काहीही चालतं. रूट झाला की गॅस बंद. आतून काळं-निळं पडलंच तर पिकलिंग पेस्ट (डाग काढायची आम्लाची पेस्ट) आहेच. आणि आर्गॉन निष्क्रिय वायू, त्यामुळे माणसाला अपाय नाही. खाली हात जोडलेले, 'जास्तीत जास्त वेल्डर बांधवांपर्यंत पोहोचवा'.

पोहोचलाय. गेल्या आठवड्यात रबाळ्याच्या एका शेडमध्ये २४ इंची, शेड्यूल १०एस (पातळ भिंतीचा), ३१६एल स्टेनलेसचा जॉईंट बघायला गेलो होतो. हेल्पर व्हेंटपाशी उकिडवा बसलेला, हातात लायटर. मला बघून म्हणाला, "साहेब, विझला. मामांना सांगू मारायला?" मामा, म्हणजे तिथले वेल्डर, टंगस्टनच्या इलेक्ट्रोडला टोक काढून तयारच होते. मी बॅगेतला पर्ज मीटर (आत उरलेला ऑक्सिजन मोजणारा) काढला, नळी व्हेंटमध्ये सरकवली. आकडा ११ टक्क्यांवर येऊन थांबला. पीपीएम (दहा लाखांत किती भाग) नव्हे, टक्के.

आता मुद्दे घेतो. सगळे सारख्याच लायकीचे नाहीत, म्हणून सारखा वेळ देणार नाही.

"आर्गॉन जड, पाण्यासारखा भरतो."

अर्धं खरं आहे, म्हणूनच पटतं. आर्गॉन हवेच्या साधारण १.४ पट जड आहे. त्यामुळे गॅस खालून सोडायचा आणि व्हेंट वर ठेवायचा, हा सल्ला बरोबर. उलटं केलं तर काय होतं ते मी पाहिलंय: टॉर्च आणि आरसा आत घातला तर घड्याळाच्या ११ ते १ एवढ्याच भागात रूटवर साखर (हवा लागून जळलेला, दाणेदार धातू), बाकी जॉईंट स्वच्छ. शिव्या वेल्डरने खाल्ल्या, चूक इनलेट वर लावणाऱ्याची होती.

पण पाणी हवेच्या आठशे पट जड असतं, आर्गॉन दीडपटही नाही. तो हळू सोडला तरच तळाशी थर धरतो. जरा जोर लागला की हवेत मिसळतो, आणि एकदा मिसळला की पुन्हा वेगळा होत नाही. आपण श्वास घेतो त्या हवेत ०.९३ टक्के आर्गॉन आहेच. तो पाण्यासारखा खाली बसत असता तर मुंबईतले तळमजले कधीच रिकामे झाले असते.

"दहा मिनिटं सोडा, लायटर विझला की झालं."

मेसेजचा जीव या ओळीत आहे आणि सगळ्यात मोठं नुकसानही हीच ओळ करते, म्हणून इथे जरा बसू.

२४ इंची १०एस पाईपचा आतला व्यास जवळपास ५९७ मिलिमीटर. म्हणजे एका मीटरमध्ये २८० लिटर हवा. रबाळ्याला डॅम जॉईंटच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या अर्ध्या मीटरवर होते, आणि फ्लो मिनिटाला २० लिटर. दहा मिनिटांत गेले २०० लिटर. जी जागा २८० लिटरची, तिच्यात २०० लिटर सोडून 'हवा गेली' म्हणणं म्हणजे भरलेल्या पिंपात पाऊण पिंप नवं पाणी ओतून जुनं सगळं वाहून गेलं असं समजणं. गॅस आत पूर्ण मिसळतोय असं धरून हिशोब केला तर दहा मिनिटांनी ऑक्सिजन उरतो सुमारे १० टक्के. मीटरवर ११ दिसत होते, ते उगाच नाही.

आता लायटर. मेणबत्ती ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या आसपास आला की मान टाकते, लायटर थोडा जास्त तग धरतो. १२ धरा, हवं तर १० धरा. म्हणजे लाखभर पीपीएम. दहा मिनिटं आणि लायटर हे दोन्ही नियम एकमेकांना दुजोरा देतात असं वाटतं ते त्यामुळेच. दोघं एकाच चुकीच्या आकड्यापाशी भेटतात. आपल्याला जायचंय कुठे? स्टेनलेसच्या रूटला १०० पीपीएमच्या खाली, आणि फार्मा-डेअरीच्या लाइनला त्याहून खाली. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीचा डी१८.२ नावाचा रंगांचा तक्ता आहे. १० पीपीएमच्या चकचकीत नमुन्यापासून सुरू होतो आणि २५,००० पीपीएमच्या काळ्याठिक्कर नमुन्यावर संपतो. तो शेवटचा, सगळ्यात वाईट नमुनासुद्धा अडीच टक्क्यांचाच. लायटर विझतो ती जागा त्या तक्त्यात कुठे बसतच नाही.

लायटरच्या जागी सेफ्टीवाल्यांचा चार गॅसचा मीटर वापरणारेही भेटतात. तो टाकीत माणूस उतरवायला उत्तम. पण त्याची एक पायरी ०.१ टक्क्याची, म्हणजे १,००० पीपीएमची. त्यावर ०.० दिसलं तरी आत काहीशे पीपीएम आरामात लपलेले असू शकतात. पर्जिंगला पीपीएम वाचणारा मीटर लागतो, याला माझ्याकडे दुसरा स्वस्त पर्याय नाही.

मग वेळ किती? त्याच पूर्ण मिसळण्याच्या हिशोबाने २१ टक्क्यांवरून १०० पीपीएमवर यायला जागेच्या पावणेआठपट गॅस लागतो. २८० लिटरला जवळपास २,१५० लिटर. मिनिटाला २० ने पावणेदोन तास. नीट लावलेल्या डिफ्यूझरने (गॅस हळुवार पसरवणाऱ्या तोंडाने) कमी लागेल, गळतीने जास्त. म्हणून मिनिटं पाठ करण्यात अर्थ नाही. अर्थ आहे जागा कमी करण्यात. डॅम न लावता सहा सहा मीटरचे दोन पाईप नुसती टोकं बंद करून पर्ज करायला गेलात तर याच हिशोबाने ७ घनमीटरचे पावणेचार सिलिंडर लागतील. तेच डॅम २०-२० सेंटिमीटरवर आणले तर ११२ लिटर जागा, आणि साडेआठशे लिटरमध्ये काम. मेसेजला खर्च वाचवायचा होता ना? तो इथे वाचतो. पण डॅमबद्दल त्यात एकच ओळ आहे, आणि तीही चुकीची.

"पुठ्ठा, स्पंज काहीही चालतं."

एप्रिलमध्ये एकवेळ चालेल. जुलैत ठाणे-बेलापूर रोडवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये पुठ्ठा सकाळी हातात घेतला तरी ओलसर लागतो. पाईप तापला की ते पाणी वाफ होऊन रूटवर येतं, आणि स्पंज तर पोटात हवा धरून बसतो व तासभर थोडी थोडी सोडत राहतो. मीटर ४०० वर अडकला आणि सिलिंडर बदलूनही हलेना, तर आधी डॅम बघा, मग रबरी होज बघा. पावसाळ्यात पाईप आतून कोरड्या कपड्याने पुसून घ्यायचा आळस करू नका. टेपही ओल्या पाईपला धरत नाही.

टेपवरून आठवलं, कारण मेसेजमध्ये गॅपचा उल्लेखच नाही. ३ मिलिमीटरचा रूट गॅप, म्हणजे दोन पाईपांच्या टोकांमधली फट, बघायला क्षुल्लक वाटतो. पण २४ इंची पाईपचा घेर १,९१५ मिलिमीटर आहे. गॅपचं एकूण क्षेत्रफळ काढा: ८५ मिलिमीटर व्यासाचं भोक पाडल्यासारखं आहे ते. एवढं भोक उघडं ठेवून वरच्या बोटभर व्हेंटवर लायटर धरायचा, याला काय म्हणावं. गॅप पूर्ण टेप करायचा, आणि वेल्डर जसा पुढे सरकेल तसा चार-सहा इंच सोलत जायचं.

"घाई असेल तर रेग्युलेटर पूर्ण उघडा."

जोरात सोडलेला गॅस थर धरत नाही, आत घुसळण करतो, आणि टेपमध्ये फट असेल तिथून बाहेरची हवा ओढूनही घेतो. सुरुवातीला २०-२५ लिटर, मीटर खाली आला की वेल्डिंगच्या वेळी ८-१० लिटर, हे माझं ठरलेलं. शेवटचे दोन इंच राहिले की आणखी कमी. गॅप बंद होत जातो तसा आतला दाब वाढतो आणि नेमकं जॉईंट मिळवताना तो वितळलेला मणी बाहेर ढकलतो. मग रूट आतून खोलगट. 'शेवटी पॉप झाला' म्हणून टाय-इन (वेल्डची दोन टोकं जिथे मिळतात ती जागा) पुन्हा ग्राइंड करणाऱ्या किती जणांनी रेग्युलेटरकडे बघितलेलं असतं?

"रूट झाला की गॅस बंद."

नाही. हॉट पासची (रूटवरच्या दुसऱ्या थराची) उष्णता त्याच रूटला पुन्हा लाल करते. जोडाची जाडी ५-६ मिलिमीटर होईपर्यंत गॅस चालू हवा. १०एसची भिंतच ६.३५ मिलिमीटर आहे, तेव्हा इथे हिशोब सोपा: शेवटपर्यंत चालू.

"काळं पडलं तर पिकलिंग पेस्ट."

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पेस्ट लावतात बाहेरून, जिथे ब्रश पोहोचतो. काळं असतं आत. छोटा स्पूल (पाईप जोडून तयार केलेला सुटा तुकडा) आम्लाच्या बाथमध्ये बुडवता येतो, पण उभारलेल्या लाइनमध्ये कोण शिरणार? आणि समजा पोहोचलात. हलका सोनेरी किंवा निळसर थर नायट्रिक-हायड्रोफ्लोरिकने निघतो, त्याखालचा क्रोमियम कमी झालेला थरही निघतो, मान्य. साखर मात्र निघत नाही. ती नुसता डाग नसते, जळून फुललेला, भोकाभोकांचा धातू असतो. त्या भोकांत पाणी बसतं. हायड्रोटेस्ट (पाणी भरून दाबाची चाचणी) झाली, लाइन रिकामी करून वाळवली नाही, महिना-दोन महिने पाणी तसंच उभं राहिलं, की गंज आणि जिवाणू दोघंही बरोबर वेल्डपाशी जमतात. पाण्यात क्लोराइड असेल, जे समुद्राकाठच्या आपल्या भागात असायचंच, तर अजून लवकर. मग टाचणीएवढं भोक पडतं आणि सगळे मटेरियलच्या सर्टिफिकेटवर संशय घेतात.

काही जण मधेच विचारतात, नायट्रोजन का नाही, स्वस्त पडतो. ३०४, ३१६ स्टेनलेसच्या आतल्या बाजूला प्रोसिजरमध्ये लिहिलेला असेल तर चालतो. टायटॅनियम असलेल्या ३२१ ला मी देत नाही. त्यावर सविस्तर पुन्हा कधीतरी.

"निष्क्रिय वायू, माणसाला अपाय नाही."

ही ओळ ज्याने लिहिली त्याने कृपा करून मेसेज मागे घ्यावा. आर्गॉन विषारी नाही, बरोबर. पण तो ऑक्सिजनची जागा घेतो, आणि शरीराला ऑक्सिजन कमी पडल्याची घंटा वाजत नाही. जीव कासावीस होतो तो कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. आर्गॉनमध्ये तो प्रत्येक श्वासागणिक बाहेर जातच असतो. त्यामुळे गुदमरल्यासारखं वाटतच नाही, एक-दोन श्वासांत माणूस सरळ पडतो. वास नाही, रंग नाही, आणि जड असल्यामुळे काम संपल्यावरही पाईपच्या पोटात पडून राहतो.

रबाळ्याला त्या दिवशी आम्ही डॅम दोरीने ओढून जवळ आणले, गॅप नव्याने टेप केला आणि पाऊण तासाने मीटर ९० वर आला. मामांनी रूट मारला, गॅस चालू ठेवूनच जॉईंट शेवटपर्यंत भरला, आणि आरशात बघितलं तर रूट फिकट सोनेरी, पिवळ्या गवतासारखा. मी रिपोर्ट लिहायला टेबलाशी वळलो. जॉईंटच्या एका बाजूला मीटरभराचाच तुकडा होता आणि तिकडचा डॅम ओढताना रूटच्या मण्याला अडकला. वळून बघतो तर हेल्पर गुडघ्यावर बसून, डोकं आणि एक खांदा पाईपच्या आत. कॉलर धरून मागे ओढला. तो हसत म्हणाला, "साहेब, हाताला लागतच होता." मग पेडस्टल पंखा लावला, वीस मिनिटं थांबलो, चार गॅसच्या मीटरवर ऑक्सिजन २०.९ टक्के बघितला आणि लांब हुकाने डॅम काढला. लायटर त्याने खिशात ठेवला होता, तो मी मागून घेतला.